अंगठ्याएवढ्या चौकटीत वसई

यूट्यूबवर 'वसई किल्ला' असं शोधलं की एकामागून एक तीच कमान दिसते. तीच पडकी भिंत, वर पांढरं पडलेलं आकाश, कोपऱ्यात गॉगल लावून बोट दाखवणारा तरुण आणि या सगळ्यावर लाल कडेच्या पिवळ्या अक्षरांत 'वसई किल्ल्याचा संपूर्ण इतिहास'. व्हिडिओ मात्र सारखे नसतात. कुणी मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या वसईला घातलेल्या १७३९ च्या वेढ्याबद्दल चार पुस्तकं वाचून बोललेला असतो, कुणी नुसताच फेरफटका मारून आलेला असतो. विरार फास्टमध्ये एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कळायचा कसा? त्याच्यासमोर असतं ते फक्त व्हिडिओचं छोटं चित्र, म्हणजे थंबनेल.

वसई-विरारमध्ये आज कॅमेऱ्यासमोर काय नाही? भुईगाव-निर्मळच्या वाड्या आहेत, अर्नाळ्याची मासळी आहे, जीवदानीच्या पायऱ्या आहेत, कुपारी समाजाची सामवेदी बोली आहे. सुनील डिमेलो यांच्यासारख्या वसईकर यूट्यूबरने इथली माणसं, रांधप (स्वयंपाक) आणि बोली मराठी प्रेक्षकांपर्यंत नेली. त्याशिवाय नालासोपाऱ्यातले क्लासवाले, भजनी मंडळं, लग्नातले बँड, केक शिकवणाऱ्या गृहिणी असे सगळेच व्हिडिओ टाकतात. चित्रीकरणावर दोन दिवस जातात, एडिटिंगवर रात्री जातात आणि थंबनेल मात्र अपलोडचा गोल फिरत असताना दहा मिनिटांत उरकलं जातं. हा लेख त्या दहा मिनिटांविषयी आहे. खरं तर, ते काम चित्रीकरणाच्या दिवशीच कसं सुरू करावं याविषयी आहे.

नेटफ्लिक्सने २०१४ मध्ये आपल्या प्रेक्षकांची पाहणी केली होती. काय बघायचं हे ठरवताना लोकांच्या लक्षाचा ८२ टक्के वाटा चित्रावर असतो आणि एका शीर्षकावर नजर सरासरी १.८ सेकंद थांबते, असं त्यात आढळलं. यूट्यूबचा हिशेबही याच मापाचा आहे. थंबनेलचा निदान अर्धा भाग एका सेकंदापेक्षा जास्त वेळ स्क्रीनवर दिसला, तरच त्याचं एक 'इम्प्रेशन' मोजलं जातं. त्यातून किती जण क्लिक करतात याचा आकडा म्हणजे क्लिक-थ्रू रेट. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेल्सचा आणि व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. म्हणजे शंभरांतले नव्वदहून जास्त लोक पुढे सरकतात, हे गृहीतच धरायचं. आपला आकडा ४ टक्के दिसला म्हणून हात-पाय गाळण्याचं कारण नाही.

तांत्रिक मापं चटकन सांगून मोकळं होता येतं. चित्र १२८० × ७२० पिक्सेल, प्रमाण १६:९, रुंदी निदान ६४० पिक्सेल, फाइल जेपीजी किंवा पीएनजी. वर्षानुवर्षं फाइलला २ एमबीची मर्यादा होती. ती बरीच वाढवत असल्याचं यूट्यूबने २०२५ मध्ये जाहीर केलं, पण मोठ्या टीव्हीवर बघणारा प्रेक्षक फार नसेल तर २ एमबीतही काम उत्तम भागतं. स्वतःचं थंबनेल लावण्यासाठी खातं फोन नंबरने व्हेरिफाय केलेलं असावं लागतं. नवशिक्यांना 'पर्यायच दिसत नाही' असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

मापांपैकी खरं महत्त्वाचं माप या यादीत नाहीच. कॉम्प्युटरवर व्हिडिओच्या उजवीकडे सुचवलेल्या व्हिडिओंची जी रांग लागते, तिथे थंबनेल साधारण १६८ × ९४ पिक्सेल एवढंच दिसतं. १२८० चे १६८ झाले, म्हणजे साडेसात पटींनी घट. आपण मोठ्या स्क्रीनवर शंभर पिक्सेल उंचीचं अक्षर काढून खूश होतो, ते तिथे तेरा पिक्सेलचं उरतं. त्यात आपली लिपी देवनागरी. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. रोमन अक्षराला जेवढी उंची मिळते, तेवढ्याच उंचीत आपल्या अक्षराला तीन मजले बसवावे लागतात आणि मधला मजला त्यामुळे आणखी बुटका होतो. इंग्रजी थंबनेल्सकडे बघून 'पाच-सहा शब्द चालतात' असा अंदाज बांधणाऱ्यांची इथे फसगत होते. मराठीत तीन शब्द पुष्कळ. दोन असतील तर आणखी छान.

हे काम मराठीत पूर्वी कुणी केलंच नाही असं मात्र नाही. वर्तमानपत्रांच्या नाटकांच्या पानावर एकाच वेळी दहा-बारा जाहिराती दाटीवाटीने छापल्या जात, प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम काही सेंटीमीटर जागा. त्या गर्दीत नाटकाचं नाव उठून दिसावं म्हणून कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षररचनाकारांनी आयुष्य वेचलं. शेडगे २०२० मध्ये गेले. पण त्यांनी काढलेली शीर्षकं आठवणारे नाट्यरसिक आजही भेटतील. त्या जाहिरातींकडे थंबनेल करणाऱ्याने अभ्यास म्हणून बघावं. नाव मोठं, बाकी सगळं बारीक किंवा गायब. अक्षराच्या वळणातूनच नाटक विनोदी की ऐतिहासिक हे कळायचं. रंग तर नव्हतेच, काळ्या-पांढऱ्यातच सगळा खेळ.

आता अक्षराकडे जरा जवळून बघू. पावसाळ्यात कामण-चिंचोटीच्या बाजूला जाऊन कुणी व्हिडिओ केला आणि थंबनेलवर लिहिलं 'धबधबा'. ठळक दिसावं म्हणून सगळ्यात जाड फॉन्ट निवडला, वर काळी जाड कड दिली, त्यावर सावली. मोठ्या स्क्रीनवर झकास. तेच थंबनेल लहान झालं की 'ध'च्या डोक्यावरची मोकळी फट बुजते आणि 'ध' जाऊन 'घ' येतो. 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' या जोड्यांचंही असंच होतं. म्हणून सर्वांत जाड वजनाच्या एक पायरी खालचं वजन घ्यावं आणि अक्षराच्या आतल्या पोकळ्या उघड्या ठेवाव्यात. कड द्यायचीच तर ती अक्षराच्या बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला नको. सावलीची हौस असली तर एकच, तीही पुसट.

फॉन्टची कमतरता ही सबब आता चालणार नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू आणि अनेक हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. मुक्ता सरळ, स्वच्छ. बातमी, शिकवणी, माहिती यांना चालेल. बलू गुबगुबीत, खाण्याच्या किंवा मुलांच्या व्हिडिओंना शोभेल. 'अनेक' हा फॉन्ट रुंदीला आकुंचन-प्रसरण पावतो, त्यामुळे 'तुंगारेश्वर'सारखं लांब नाव एका ओळीत बसवायला त्याचा फार उपयोग. जागा अरुंद असेल तर खांड आणि तेको हेही बघण्यासारखे आहेत. एक टाइपचाच मोदक दिसायला गोड, पण इतका फुगीर की एका शब्दापलीकडे तो लहान आकारात वाचवत नाही. निवड करताना 'ल' आणि 'श' ही दोन अक्षरं मुद्दाम टाइप करून बघावीत. बऱ्याच फॉन्टमध्ये ती हिंदी वळणाची येतात. 'किल्ला' लिहिताना मराठी डोळ्याला ते कुठेतरी खटकतंच, मग कारण सांगता येवो न येवो.

'किल्ला' या शब्दाची आणखी एक परीक्षा आहे. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही. वेलांटी 'क'च्या मागे न बसता पुढे जाऊन पडते आणि 'ल्ल' फुटून मधे हलन्त दिसतो. असं मोडकं मराठी घेऊन कितीतरी थंबनेल्स फिरत असतात आणि मराठी चॅनेलवर त्याइतकं वाईट दुसरं काही दिसत नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडला की हा घोटाळा सुटतो. कॅन्व्हामध्ये सहसा ही अडचण येत नाही. फोनवरच काम करणारे बरेच जण पिक्सेललॅब वापरतात, त्यात आपला फॉन्ट बाहेरून आणून बसवता येतो. कुठलंही साधन असो, 'किल्ला', 'समुद्रकिनारा', 'तुंगारेश्वर', 'ख्रिस्ती' हे चार शब्द आधी टाइप करावेत. चारही धड उमटले तरच पुढचं काम.

थंबनेलवर काय लिहायचं, यात सर्रास होणारी चूक म्हणजे शीर्षकाची नक्कल. व्हिडिओखाली शीर्षक असतंच. शोधणाऱ्याला सापडावं म्हणून त्यात 'वसई किल्ला', 'इतिहास', 'पालघर जिल्हा' हे शब्द असू देत. चित्रावर मग तेच परत कशाला? शीर्षकात 'चिमाजी अप्पांची वसई मोहीम' असेल तर चित्रावर 'मे १७३९' एवढंच पुरे. शीर्षकात 'वसईची सुकेळी कशी करतात' असेल तर चित्रावर 'फक्त ऊन!' पुरेसं आहे. बघणारा थबकतो, खाली शीर्षक वाचतो आणि दोन्ही मिळून गोष्ट पुरी होते.

अक्षरं कमी केली की सगळा भार फोटोवर येतो आणि इथेच घाईत केलेलं थंबनेल उघडं पडतं. व्हिडिओ थांबवून घेतलेली फ्रेम बहुतेक वेळा हललेली असते, माणसाचे डोळे अर्धवट मिटलेले असतात, तोंड शब्दाच्या मधोमध उघडं असतं. त्यापेक्षा चित्रीकरणाच्या दिवशीच थंबनेलसाठी वेगळे फोटो काढावेत. फोन आडवा धरायचा आणि चौकटीचा एक-तृतीयांश भाग मुद्दाम मोकळा सोडायचा: आकाश, भिंत, पाणी, काहीही सपाट. अक्षरं तिथे बसतात. उभ्या फोटोतून आडवं थंबनेल कापायला गेलं की डोकं तरी जातं नाहीतर किल्ला तरी.

वसईच्या किल्ल्यातच बघा. तट लांबच लांब आहे, पण लांबी छोट्या चौकटीत दिसत नाही. तिथे उंची दिसते, वळण दिसतं, भोक दिसतं. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा खालून वर बघत टिपला तर लहान आकारातही ओळखू येतो. मनोऱ्यातल्या गोल जिन्याचा फोटो त्याहून कमी लोक वापरतात. पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड तिरप्या उन्हात जवळून टिपावा, कारण दुपारी बाराच्या उन्हात कोरीवकाम सपाट होऊन जातं. दगड काळसर आणि आकाश भगभगीत, त्यामुळे फोन आकाशाप्रमाणे उजेड ठरवतो आणि भिंत काळीठिक्कर पडते. फोनवर दगडावर बोट ठेवून उजेड तिथल्या हिशेबाने ठरवला की काम होतं. आकाश पांढरं झालं तर होऊ द्यावं, तिथे अक्षरं बसवता येतील. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वरून छान दिसेल म्हणून विनापरवानगी ड्रोन उडवण्याच्या फंदात पडू नये.

अर्नाळ्याला उलट परिस्थिती. तिथल्या किल्ल्याच्या दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत. बेटावर होडीने जाऊन आलेले लोक थंबनेलवर मात्र होडी आणि लाटा लावतात. लाटा गोव्यातही असतात, होड्या अलिबागलाही असतात. दरवाजावरचा तो एक हत्ती चौकटभर घेतला तर दहा व्हिडिओंच्या रांगेत तोच वेगळा दिसेल.

सोपाऱ्याचा स्तूप मात्र फोटो काढणाऱ्याची परीक्षा बघतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये इथे उत्खनन केलं, दगडी पेटी निघाली, तिच्यात बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती आणि सोन्याची फुलं होती. त्याच वर्षी अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात सापडला. विषय एवढा मोठा, आणि डोळ्यांसमोर दिसतो तो विटांचा एक उंचवटा. तो थंबनेलवर नुसता लावला तर कुणाच्या घराचं काम चाललंय असं वाटेल. अशा वेळी माणूस उपयोगी पडतो. स्तूपासमोर एक व्यक्ती उभी केली की आकाराचा अंदाज येतो, आणि ती व्यक्ती कॅमेऱ्याकडे न बघता स्तूपाकडे बघत असेल तर बघणाऱ्याची नजरही तिकडेच जाते. चित्रावर दोनच शब्द: 'अशोकाचं सोपारा'.

खाण्याच्या व्हिडिओंचं संकट म्हणजे तपकिरी रंग. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी चवीला अप्रतिम, पण स्टीलच्या ताटलीत ठेवून ट्यूबलाइटखाली फोटो काढला तर ओळखणार कोण? तीच सुकेळी केळीच्या हिरव्या पानावर, खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात ठेवावी. एक तुकडा मधोमध मोडलेला, आतला मधासारखा चमकता भाग कॅमेऱ्याकडे. कडेला साल सोललेलं एक ताजं केळं ठेवलं तर आधी काय होतं आणि मग काय झालं हे अक्षराविना कळतं. बोंबलांचंही तसंच. बांबूच्या काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांची रांग निळ्या आकाशावर सुरेख दिसते, ढीग घातलेले बोंबील राखाडी गोळा दिसतात.

चेहरा असावा का? असला तर लक्ष वेधतो, हे खरं. पण आ वासलेलं तोंड आणि डोक्याला लावलेले हात यांचा इतका भडिमार झालाय की आता त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. अमेरिकेतल्या मिस्टरबीस्ट या यूट्यूबरने आपल्या थंबनेल्सवरचं उघडं तोंड बंद करून बघितलं आणि पाहण्याचा वेळ वाढल्याचं स्वतःच सांगितलं. मासे विकणारी मावशी, वाडीत भाजी खुडणारी लाल लुगड्यातली आजी यांचा चेहरा वापरायचा असेल तर आधी विचारावं, आणि व्हिडिओसाठी मिळालेला होकार थंबनेलला आपोआप लागू होतो असं समजू नये. व्हिडिओत दहा सेकंद दिसणं वेगळं आणि महिनोन्‌महिने पोस्टरवर राहणं वेगळं.

रंगांकडे वळू. वसईत रंग उसने आणायची गरजच नाही. वाडीतला हिरवा, बावखलाचा (गोड्या पाण्याच्या तळ्याचा) शेवाळी, लुगड्याचा लाल, सुकेळीचा मधाळ, कोळीवाड्यातल्या होड्यांचा निळा. यांतले दोन घ्यावेत आणि जोडीला पांढरा किंवा काळा. तिसरा ठळक रंग आला की चौकटीत भांडणं सुरू होतात. लाल अक्षर हिरव्या झाडीवर कधीच नको. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही अशा लोकांना, आणि त्यात पुरुषांची संख्या जास्त, तिथे काहीच वाचता येत नाही. संकेतस्थळांसाठी जागतिक पातळीवर जे निकष वापरले जातात त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक निदान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावा असं म्हटलंय. हे मोजून देणारी फुकटची साधनं आहेत, पण सोपा उपाय म्हणजे थंबनेल कृष्णधवल करून बघणं. रंग काढल्यावर अक्षरं नाहीशी झाली तर ती मुळातच नीट दिसत नव्हती.

चौकटीतल्या काही जागा आपल्या मालकीच्या नसतात. उजवीकडे खाली यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं, म्हणून तिथे लोगो, तारीख किंवा शेवटचं अक्षर ठेवलं तर ते झाकलं जाणार. अर्धवट बघितलेल्या व्हिडिओच्या तळाशी लाल रेघ येते; तळाला चिकटून ओळ लिहिली तर तिचे उकार त्या रेघेत बुडतात. कुणाचा फोन पांढऱ्या पार्श्वभूमीवर असतो, कुणाचा काळ्या. पावसाळी पांढऱ्या आकाशाचा फोटो पांढऱ्या स्क्रीनवर कडा हरवून बसतो, तेव्हा चारही कडांना किंचित गडद छटा द्यावी.

आता सगळ्यांत दुर्लक्षित भाग: सारखेपणा. एक थंबनेल चांगलं होणं निराळं आणि चॅनेलचं पान उघडल्यावर तीसच्या तीस एकाच घरची वाटणं निराळं. सारखेपणा म्हणजे तेच चित्र पुन्हा पुन्हा नव्हे. काय बदलायचं नाही ते एकदा ठरवणं. १९३५ मध्ये पेंग्विन या प्रकाशनाने स्वस्त पुस्तकं काढली, तेव्हा मुखपृष्ठावर तीन आडवे पट्टे, मधे नाव, एवढाच साचा ठेवला आणि विषयाप्रमाणे रंग बदलला: कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला निळा. दुकानात लांबूनच वाचकाला कळायचं की पुस्तक कुणाचं आणि कुठल्या प्रकारचं.

हाच हिशेब वसईच्या एखाद्या चॅनेलला लावून बघता येईल. समजा, त्यात तीन प्रकारचे व्हिडिओ आहेत: इतिहास, रांधप आणि भटकंती. फॉन्ट तिन्हींना एकच. अक्षरांची जागा एकच, समजा डावीकडे वर. माणूस असेल तर तो नेहमी उजव्या बाजूला. डाव्या कडेला एक उभी पट्टी, इतिहासाला विटकरी, रांधपाला केळीच्या पानाचा हिरवा, भटकंतीला समुद्राचा निळा. बाकी सगळं मोकळं. 'अर्नाळा', 'मे १७३९', 'फक्त ऊन!' ही तीन थंबनेल्स शेजारी ठेवली की चित्रं पूर्ण वेगळी, तरी भावंडं. पट्टीचा रंग एकदा ठरला की त्याचा सहा अंकी कोड लिहून ठेवावा. 'साधारण असाच हिरवा होता' म्हणत दर वेळी नवा हिरवा निवडला की सहा महिन्यांत सात हिरवे जमा होतात.

साचा एकदाच, पण नीट बनवावा. कॅन्व्हा असो की फोटोशॉप, एक मूळ फाइल ठेवावी. तिच्यात पट्टी आणि अक्षरांच्या चौकटी कुलूप लावून पक्क्या कराव्यात आणि दर वेळी तिची प्रत काढूनच काम करावं. फाइलला नावही शिस्तीत द्यावं, 'भटकंती-०७-अर्नाळा' असं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचं' या वंशावळीत मूळ फाइल हमखास हरवते. मालिकेला भाग क्रमांक घालायचा तर तो लहान आणि ठरलेल्या जागी असावा. 'भाग १४' हे मोठ्या अक्षरांत दिसलं की नवा माणूस आधीचे तेरा बघितले नाहीत म्हणून पुढे सरकतो.

चॅनेलचा शिक्का म्हणून थंबनेलवर मोठा लोगो लावण्याची हौस बऱ्याच जणांना असते. व्हिडिओखाली चॅनेलचं नाव आणि गोल चित्र यूट्यूब स्वतःच दाखवतं, त्यामुळे त्या लोगोची गरज नाही. पाहुण्यांच्या यादीसकट छापलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची सवय आपल्या डोळ्यांना लागलेली आहे, लोगोची हौस हा त्याचाच परिणाम असावा.

आणि खरेपणाचं काय? डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतासाठी खास जाहीर केलं की शीर्षक किंवा थंबनेल जे सांगतं ते व्हिडिओत नसेल, विशेषतः ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींच्या बाबतीत, तर असे व्हिडिओ काढून टाकण्याची कारवाई कडक केली जाईल. पण नियम नसता तरी वसईच्या बाबतीत काळजी घ्यायला हवीच. इथे दोन मोठ्या ऐतिहासिक घटनांची गल्लत फार होते: मे १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. एका थंबनेलवर चिमाजी अप्पा आणि इंग्रज शिपाई समोरासमोर उभे केले की पुढचा व्हिडिओ कितीही अभ्यासू असो, जाणकार प्रेक्षक तिथेच विश्वास सोडतो. वसईच्या नावाखाली जंजिऱ्याचा फोटो लावणं हाही त्यातलाच प्रकार.

एआयने बनवलेल्या चित्रांचा प्रश्न नवा आहे. खऱ्यासारखी वाटणारी कृत्रिम दृश्यं व्हिडिओत असतील तर तसं नमूद करण्याचा यूट्यूबचा नियम २०२४ मध्ये आला, पण नुसत्या थंबनेलसाठी एआयची मदत घेतली तर ते सांगणं बंधनकारक नाही. असं असलं तरी जो बुरूज वसईत नाहीच तो एआयकडून उभा करून घेणं म्हणजे प्रेक्षकाला गंडवणंच. पार्श्वभूमी साफ करायला, फोटोतला उजेड सुधारायला एआय खुशाल वापरावं.

चिंचोटीचं आणखी एक सांगायला हवं. पावसाळ्यात तिथे माणसं बुडतात, मनाई आदेश निघतात. तरी उंचावरून पाण्यात उडी घेणाऱ्या मुलाचा फोटो थंबनेलवर लावण्याचा मोह होतो, कारण त्यावर क्लिक मिळतं. अशा थंबनेलचा दुसऱ्या दिवशी तिथे पोचलेल्या पोरांवर काय परिणाम होतो, हे ते बनवणाऱ्याला नीट ठाऊक असतं.

थंबनेल तयार झालं की लगेच लावू नये. ते फोनवर पाठवून गॅलरीत लहान आकारात बघावं, मग हात लांब करून बघावं. घरातल्या कुणाला दोन सेकंद दाखवून फोन मागे घ्यावा आणि 'काय दिसलं?' एवढंच विचारावं, 'कसं वाटलं?' असं विचारलं तर 'छान आहे' याशिवाय काही हाती लागत नाही. मग आपल्याच विषयावर शोधून जे व्हिडिओ वर येतात त्यांचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्यांतल्या एका थंबनेलच्या जागी आपलं चिकटवून बघायचं. शेजारी पाच पिवळी थंबनेल्स असतील तर आपलं सहावं पिवळं तिथे उठणार नाही.

यूट्यूब स्टुडिओमध्ये 'टेस्ट अँड कंपेअर' ही सोय आहे. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल्स देता येतात, यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं आणि कोणत्या थंबनेलमुळे व्हिडिओ जास्त वेळ पाहिला गेला ते सांगतं. निव्वळ क्लिक न मोजता पाहण्याचा वेळ मोजला जातो, हे फार बरं. खोटं आमिष दाखवणारं थंबनेल इथे आपोआप मागे पडतं. चाचणीला दोन आठवडेही लागू शकतात. ज्या व्हिडिओला प्रेक्षकच थोडे आहेत त्याचा निकाल 'फरक सांगता येत नाही' असाच लागतो. चाचणी करताना तीन थंबनेल्समध्ये खरोखर फरक हवा: एकात मोडलेली सुकेळी, एकात वाळत घातलेली केळी, एकात ती करणाऱ्या बाईंचे हात. फक्त अक्षराचा रंग बदलून तीन प्रती केल्या तर काहीच कळत नाही.

साचा ठरल्यावर जुन्या व्हिडिओंचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. सगळी थंबनेल्स एका रविवारी बदलून टाकावीशी वाटतात, पण ते करू नये. स्टुडिओत जाऊन मागच्या तीन महिन्यांची यादी काढावी. ज्यांना इम्प्रेशन्स भरपूर आहेत पण क्लिक कमी आहेत, असे पाच-सहा व्हिडिओ आधी घ्यावेत. ज्यांवर अजूनही चांगले क्लिक येतात त्यांना हात लावू नये, मग त्यांची थंबनेल्स नव्या साच्यात बसत नसली तरी चालेल. जुनं थंबनेल पुसून टाकू नये, तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावं. दोन-तीन आठवड्यांनी आकडे परत बघावेत. घसरण दिसली तर जुनं परत लावता येतं, त्याला यूट्यूबची काही हरकत नसते.